वरचा मजला, तापलेला स्लॅब आणि मीटरचा लाल दिवा

सायंसावली
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. हॉलची मोठी खिडकी पश्चिमेला. बेडरूममध्ये दीड टनाचा एसी आहे, पाच-सहा वर्षं झाली, साधाच, इन्व्हर्टरवाला नाही. थंडीत महिन्याला १४० युनिट पडायचे ते गेल्या महिन्यात ३९० झाले. बिल आलं त्या दिवसापासून बाबांनी एसीचा रिमोट कपाटात ठेवून दिलाय. बाबा ७६ चे आहेत. परवा संध्याकाळी घरी आले तर हॉलमध्ये पडदे लावून एकटे बसलेले, बनियन पाठीला चिकटलेलं, आणि वर मलाच म्हणतात "मला नाही एवढं उकडत". रडू आलं हो मला. तर प्रश्न असा की बिल आटोक्यात ठेवून घर राहण्यासारखं गार कसं ठेवायचं? नवा एसी घेणं यावर्षी जमणार नाही. बाकी जे जमेल ते करायची तयारी आहे.

टेस्टर
ताई, मी वायरिंगची कामं करतो, बावीस वर्षं झाली. आधी एक करा, काहीही विकत आणण्याआधी मीटरसमोर मोबाईलचं घड्याळ घेऊन उभ्या राहा. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो बघा, त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो, ३२०० किंवा १६०० किंवा दुसरा काही. म्हणजे एक युनिट जळेपर्यंत तो दिवा तितक्या वेळा लुकलुकणार. ३२०० असेल तर हिशोब सोपा आहे, ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, आलं ते वॉट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचा पण प्लग काढा दहा मिनिटांसाठी, आणि एकच पंखा फुलवर लावा. १५ सेकंदांनी एकदा लुकलुकला तर तो पंखा ७५ वॉट खातोय. मग तो बंद, दुसरा लावा. असं एकेक करून वहीत लिहा आणि इथे टाका, मग बोलू. लोक अंदाजाने बोंब मारतात की एसीच खातो, आणि बऱ्याच घरांत अठरा-अठरा तास फिरणारे चार पंखे मिळून काय खातात ते कुणी बघतच नाही.

गच्चीवरचा
टेस्टरदादांचं बरोबर आहे पण माझ्या मते तुमचं खरं दुखणं स्लॅब आहे. रात्री ९ वाजता स्टुलावर चढून छताला हात लावून बघा. आमच्याकडे नुकतीच इस्त्री केलेल्या शर्टासारखं लागायचं ते. दिवसभर काँक्रीट ऊन पिऊन बसतं आणि बाहेर गार झालं की ते आपल्या अंगावर सोडायला लागतं, म्हणून वरच्या मजल्यावर दुपारपेक्षा रात्र जास्त नकोशी होते. भर दुपारी डोक्यावरचं ऊन एका चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास ओतत असतं. दहा बाय दहाची खोली म्हणजे वर सव्वानऊ चौरस मीटर स्लॅब, म्हणजे नऊ हजार वॉट. तुमचा दीड टनाचा एसी पूर्ण जोर लावून उष्णता ओढणार ती सव्वापाच हजार वॉटच्या हिशोबाने. ते सगळं ऊन काही आत येत नाही, पण कोणाशी झुंज लावलीय ते कळावं म्हणून सांगितलं.

उपाय एकच, स्लॅब पांढरा करा. चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग, दोन हात. आधी गच्ची खरवडून, झाडून, धुवून, पूर्ण वाळवून घ्या, नाहीतर पापुद्रे निघतात. मी घाईत ओल्यावरच मारला होता, महिन्याभरात निम्मा उडाला, पुन्हा सगळं करावं लागलं. आणि पांढरा रंग मळला की त्याचं काम कमी होतं, त्यामुळे उन्हाळ्यात अधूनमधून झाडू मारायचाच.

भाडेकरू_तिसरा
गच्ची सोसायटीची असेल तर? आणि आमच्यासारख्यांनी काय करायचं, घरमालक खिळा ठोकू देत नाही तर रंग कुठला.

गच्चीवरचा
सोसायटीला एक पत्र द्या, खर्च आम्ही करतो फक्त परवानगी द्या म्हणून. सहसा नाही म्हणत नाहीत कारण स्लॅबचंही आयुष्य वाढतं. ते नाहीच झालं तर शेडनेट बांधा, पण स्लॅबला चिकटवून नाही, हात-दीड हात वर, खालून वारा वाहिला पाहिजे. पोती भिजवून टाकायचा प्रकार मी करत नाही, पाणी फार जातं आणि कुठे चीर असेल तर खाली ओल उतरते.

ऊनसावली_९
खिडकीबद्दल कुणीच बोललं नाही अजून! पश्चिमेची खिडकी हा तुमचा दुसरा शत्रू. चारनंतर सूर्य खाली येतो आणि ऊन आडवं आत घुसतं, वरच्या सज्जाचा काही उपयोग होत नाही. आपण काय करतो, आतून जाड पडदा ओढतो आणि समाधान मानतो. पण ऊन काचेतून आत आलेलंच असतं ना, पडदा तापतो आणि ती धग घरातच राहते, पाच वाजता पडद्याच्या मागे हात घालून बघा एकदा. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. बांबूचा गुंडाळायचा पडदा, शेडनेट, जुनी फिकट चादर, काहीही, पण बाहेरून. भाडेकरूदादा, हे तुम्हालाही जमेल, ग्रिलला नुसत्या दोऱ्यांनी बांधायचं, खिळा लागत नाही.

आणि दुसरी गोष्ट, खिडक्या कधी उघड्या ठेवायच्या. माझी आई दिवसभर सगळं उघडं ठेवायची, म्हणायची वारा येऊ दे. पण बाहेर ४० आणि आत ३३ असेल तर तो वारा घर तापवतोच. एक साधा थर्मामीटर आत आणि एक बाहेर सावलीत टांगा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की सगळं उघडायचं, वर गेला की बंद. रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, आणि एका खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून लावा. हो, बाहेर. आतली गरम हवा तो बाहेर ढकलतो आणि दुसऱ्या खिडकीतून गार हवा आपोआप येते. आम्ही आधी उलटं लावायचो, तर जिथे वारा लागायचा तेवढंच गार आणि बाकी घर तसंच.

निवांत_दुपार
एक बाळबोध प्रश्न, दुपारी थोडा वेळ फ्रिज उघडा ठेवला तर? आणि कूलर का नाही कुणी सुचवत, एसीच्या मानाने वीज काहीच नाही त्याला.

टेस्टर
फ्रिज उघडा ठेवू नका, खोली उलट तापेल. फ्रिज आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून त्याच खोलीत टाकतो, वर कॉम्प्रेसरची स्वतःची उष्णता. एसीचा अर्धा भाग भिंतीबाहेर असतो म्हणून तो खोली गार करू शकतो, फ्रिज पूर्णच घरात असतो. त्याला भिंतीपासून थोडं लांब ठेवा म्हणजे मागे हवा खेळेल, एवढंच.

ऊनसावली_९
कूलर चांगलाच आहे, पण कोरड्या हवेत. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता ओढून घेते, हवा आधीच दमट असेल तर वाफ होणार कुठून. घ्यायच्या आधी घरीच तपासता येतं. थर्मामीटरच्या टोकाला ओला सुती कपडा गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा, आकडा उतरत जाऊन एका ठिकाणी थांबेल. साधा ४० आणि ओला २२ दाखवत असेल तर चांगला कूलर २६-२७ ची हवा देईल, डोळे झाकून घ्या. साधा ३३ आणि ओला २८ असेल तर २९ ची चिकट हवा मिळेल, पैसे वाया. कूलरला खिडकी उघडी लागते, ओली हवा बाहेर जायला वाट हवी, म्हणून एसी आणि कूलर एका खोलीत एकत्र नाही चालत. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवून मगच पाणी भरा. आठ-दहा दिवसांत त्यात अंड्यापासून डास तयार होतो.

रातकिडा_५५
माझा अनुभव वेगळा आहे. एसी सतत बंद-चालू केला तर जास्त वीज जाते, एकदा लावून २४ तास चालू ठेवला तर कमी जाते असं मला एसीवाल्यानेच सांगितलं. आणि लावताना १६ वर लावायचा म्हणजे लवकर गार होतं.

टेस्टर
दादा, राग मानू नका पण दोन्ही चूक. ताईंचा साधा एसी आहे, त्याचा कॉम्प्रेसर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. १६ वर ठेवा नाहीतर २६ वर, खोली २६ ला यायला वेळ तेवढाच. फरक एवढाच की १६ वाला तिथे थांबणारच नाही, पुढे पळतच राहील, आणि आपण रात्री ३ ला थंडीने उठून पांघरूण शोधणार. सतत चालू ठेवण्याचं म्हणाल तर आत जितकं जास्त गार तितकी बाहेरची उष्णता जोरात आत शिरते. कुणी नसलेली खोली दिवसभर गार ठेवली तर दिवसभर ती शिरणारी उष्णता उपसत बसावं लागतं. दोन-चार तास घरी कुणी नसेल तर बंदच करा. दहा मिनिटांसाठी बाहेर गेलात तर राहू द्या, त्याने काही होत नाही.

एसी २६ किंवा २७, आणि वर पंखा मध्यम. एकेक अंश वर नेला की ढोबळमानाने ५-६ टक्के वाचतात, आणि पंख्याच्या वाऱ्याने अंगाला २६ सुद्धा २३-२४ सारखं वाटतं. पण पंखा खोली गार करत नाही हो, तो माणसाला गार करतो, घाम वाळवून. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा म्हणजे नुसतं मीटर फिरवणं.

रातकिडा_५५
राग नाही. आज रात्री २६ वर लावून बघतो.

पांढरा_कोट
मी वॉर्डात नर्स आहे. वीज वाचवायचं सगळं ठीक आहे पण सायंसावलीताई, तुमच्या बाबांबद्दल मला काळजी वाटतेय म्हणून लिहिते. वय झालं की तहान कमी लागते, घामही कमी येतो, आणि शरीर आतून तापतंय हे त्या माणसाला स्वतःला नीट कळत नाही. ते "मला नाही उकडत" म्हणतात ते कदाचित बिलासाठी नसेलही, त्यांना खरंच कळत नसेल. रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आणखी जपायचं, आणि पाणी किती द्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

पंख्याबद्दल एक महत्त्वाचं. खोलीत ४० च्या वर तापमान गेलं की नुसत्या पंख्यावर राहू नका, जागतिक आरोग्य संघटनासुद्धा हेच सांगते. तेव्हा तो गरम हवाच अंगावर मारतो आणि शरीर आणखी तापतं. अशा वेळी एसी लावायचा. नसेल तर मानेवर, हातापायांवर सारखं पाणी फिरवायचं, कपडे ओले करायचे आणि घरातल्या सगळ्यात गार खोलीत न्यायचं. असंबद्ध बोलायला लागले, अंग चटका बसेल एवढं तापलं, चालताना तोल जायला लागला तर तो उष्माघात असू शकतो, अँब्युलन्स बोलवायची आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहायचं. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागतो. दुपारचे दोन-तीन तास एसी ही बाबांसाठी चैन नाही, ती गोळीसारखी वेळेवर द्यायची गोष्ट आहे. वाचवायचे युनिट दुसरीकडे शोधा, घरात ते असतातच.

सायंसावली
पांढरा_कोट ताई, तुमचं लिहिलेलं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण रिमोट कपाटातून बाहेर आला. गोळ्यांचं पण विचारते.

आणि टेस्टरदादा, मीटर बघितला! माझ्या मीटरवर ३२०० च आहे. रविवारी सकाळी मी खाली मीटरपाशी आणि आई फोनवर, "आता हॉलचा लाव, आता बंद कर" असं तासभर चाललं होतं. हॉलचा पंखा १५ सेकंद, म्हणजे ७५ वॉट. बेडरूमचा १४, म्हणजे ८०. स्वयंपाकघरातला छोटा १९ सेकंद. एसीचा दिवा इतका भराभर लुकलुकत होता की एकेक मोजता येईना, मग एका मिनिटात किती ते मोजले, ८३ आले, म्हणजे साधारण साडेपंधराशे वॉट. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. घरातले सगळे पंखे-दिवे बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, तरी दिवा ४५ सेकंदांनी लुकलुकतोच आहे! हे काय आहे? मीटर खराब आहे का?

टेस्टर
शाब्बास ताई, एवढं व्यवस्थित कुणी करत नाही. मीटर खराब नाही. ४५ सेकंद म्हणजे २५ वॉट, ही रिमोटने "बंद" केलेल्या वस्तूंची भूक. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स, इंटरनेटचा राउटर, एसीचा स्टॅबिलायझर, मायक्रोवेव्हचं घड्याळ. २५ वॉट दिवसाचे २४ तास, महिन्याचे १८ युनिट झाले. राउटर सोडून बाकी सगळं भिंतीवरच्या बटणाने बंद करायची सवय लावा.

पंख्यांचं बघा आता. हॉलचा ७५ वॉटवाला १८ तास फिरला तर महिन्याला साडेचाळीस युनिट. तिथे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा लावला तर तो फुलवर ३० च्या आसपास घेतो, महिन्याला १६ युनिट. सगळे एकदम बदलू नका, जो सगळ्यात जास्त फिरतो तो एक बदला. आणि लावताना जुना रेग्युलेटर काढून थेट जोडून घ्या, त्या पंख्याला तो चालत नाही, लोक तसाच ठेवतात आणि मग पंखा गुणगुणतो, महिन्यात कार्ड जातं. बाकीचे पंखे हळू फिरत असतील तर आतला कपॅसिटर बदलून बघा, बारीक काम आहे, अर्ध्या तासाचं. पात्याच्या कडेवरची धूळही पुसा, ओल्या फडक्याने.

निवांत_दुपार
जुने गोल रेग्युलेटर, जे हाताला गरम लागतात, त्यांच्यात पंखा हळू केला तरी वीज तेवढीच जाते म्हणतात, खरं का?

टेस्टर
तेवढीच नाही, पण बरीचशी. पंख्याची वाचलेली वीज रेग्युलेटर तापवण्यात जाते, म्हणून तो गरम लागतो. नवे इलेक्ट्रॉनिक असतात त्यांच्यात हे नुकसान नगण्य. तुम्ही पण मीटरवर मोजा, एक नंबरला आणि पाच नंबरला.

गच्चीवरचा
ताई, एसीची जाळी कधी धुतली होती शेवटची?

सायंसावली
(तीन आठवड्यांनी)
उशीर झाला उत्तर द्यायला, कामं काढली होती. जाळीचं विचारलंत ते बरं झालं. उघडली तर करड्या धुळीचा थर होता, कपडे धुण्याच्या मशीनच्या पिशवीत जमतो ना तसा, बोटाने उचलला तर अख्खा सोलून आला. गेल्या उन्हाळ्यानंतर हातच लावला नव्हता. आता दर दुसऱ्या रविवारी धुवायची असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. बाहेरच्या युनिटला टेकून आईने रिकाम्या कुंड्या रचल्या होत्या, त्या हलवल्या.

सोसायटीने गच्चीला परवानगी दिली, भाऊ आणि मी दोन दिवस लागून पांढरा रंग मारला, दोन हात. तिसऱ्या रात्री ९ वाजता स्टुलावर चढून छताला हात लावला. कोमट होतं, पण हात ठेवून उभं राहता येत होतं, आधी नकोसं व्हायचं. पश्चिमेच्या खिडकीबाहेर बांबूचा पडदा बांधलाय, संध्याकाळी ५ ला हॉलमध्ये ३६ असायचे ते आता ३३ पर्यंत थांबतात. हॉलला एक बीएलडीसी पंखा आणला आणि आल्या आल्या त्याचा लुकलुक मोजला, ३८ सेकंद.

मुख्य आकडा. रात्री १० ते सकाळी ६ मीटर बघते मी, आधी ७.४ युनिट जायचे (एसी २२ वर, पंखा बंद), आता ४.६ (एसी २६, पंखा दोनवर, दाराखालच्या फटीत कापडाची गुंडाळी). म्हणून मग दुपारी १ ते ४ बाबांच्या खोलीतला एसी २७ वर लावायचा ठरवलंय. गंमत म्हणजे मला लावायला सांगावं लागत नाही. बाबांनी वही केलीय, सकाळ-दुपार-रात्र आकडा लिहितात. काल ऑफिसातून फोन केला तर म्हणाले "लावलाय गं, तीन तासांचे तीन युनिट जातात, ते मी टीव्हीच्या डब्यातून काढलेत".

पांढरा_कोट
हे वाचून खूप बरं वाटलं. दुपारी १ ला झोपले असतील तरी उठवून पाणी द्या, डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढं.

रातकिडा_५५
माझं पण सांगतो, २६ वर लावतोय आता, पहिल्या दोन रात्री बायको वैतागली, तिसऱ्या रात्रीपासून पंखा चालू ठेवला तेव्हा जमलं. सकाळी घसा धरायचा तो पण थांबला.

भाडेकरू_तिसरा
शेडनेट ग्रिलला बांधली दोऱ्यांनी, घरमालक काही बोलला नाही. एक विचारायचं होतं, फ्रिज सारखा चालूच राहतो, थांबतच नाही, म्हणजे गॅस गेला असेल का?

टेस्टर
आधी दाराचं रबर बघा. कागदाचा तुकडा दारात धरून दार लावा आणि ओढा. अडकून यायला हवा, सहज सरकून आला तर तिथून गार हवा गळतेय. चारही बाजूंनी आणि कोपऱ्यात असं करा. रबर नुसतं मळलं असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने पुसून पुन्हा कागद लावून बघा. तरीही थांबत नसेल तर मग मेकॅनिकला बोलवा, आणि मीटरवर फ्रिजची सेकंदं मोजून ठेवा, दुरुस्तीनंतर पुन्हा मोजायला लागतील.